बैलगाडीच्या खालोखाल

द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी एक पाटी असते. ज्यांना आत यायचं नाही त्यांची तिच्यावर यादी असते: दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल, पादचारी, जनावरं. क्रम पाटीगणिक थोडा मागेपुढे होतो, पण सायकलवाल्याची जागा साधारण बैलगाडीच्या खालोखाल आणि जनावरांच्या जरा वर अशी ठरलेली. ही पाटी रंगवणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे. सायकलवाला समाजात नेमका कुठे बसतो, हे इतक्या थोडक्यात अजून कुठल्या कायद्याला सांगता आलेलं नाही.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर सहापदरी काँक्रीट, आणि सायकलला मनाई. २००९ साली वांद्रे–वरळी सागरी सेतू झाला, तिथे मनाई. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, समुद्रावरून पार पलीकडे, जवळजवळ बावीस किलोमीटर, तिथेही मनाई. २०२५ साली समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत येऊन टेकला. सातशे एक किलोमीटर लांबी, ताशी १२० ची वेगमर्यादा; तिथे तर विचारूच नका. महाराष्ट्रात रस्ता जितका चांगला, तितके सायकलवाल्याचे त्याच्याशी संबंध तुटलेले. खड्डे, चर, अर्धवट डांबर आणि उघडं चेंबर असलेल्या एकाही रस्त्यावर मात्र मला आजवर मनाईची पाटी दिसलेली नाही. तिथे आम्हाला मुक्तद्वार आहे.

सागरी सेतूची गंमत आणखी वेगळी. वर्षातून एका रविवारी मुंबई मॅरेथॉनवाले त्याच्यावरून हजारोंनी धावतात. उरलेलं वर्षभर माणसाने पायी जायचं नाही. थोडक्यात, पळत गेलं तर चालतं, चालत गेलं तर चालत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ही मनाई मला मान्य आहे. ताशी शंभरने जाणारी मोटार एका सेकंदात अठ्ठावीस मीटर कापते. मी चांगला जोर लावला, वारा मागून असला आणि पोटात साबुदाण्याची खिचडी नसली, तर ताशी वीसने जातो. मोटारवाल्याने ‘कुठे पोचलास?’ हा मेसेज वाचायला दोन सेकंद मान खाली घातली, तर तो पन्नास-पंचावन्न मीटर आंधळा जातो. तेवढ्यात आमची अख्खी सोसायटी, पार्किंग आणि वॉचमनच्या केबिनसकट, ओलांडून होते. अशा रस्त्यावर मी नसणं हेच माझ्या आणि त्याच्या, दोघांच्या सोयीचं. तक्रार मनाईची नाहीच. तक्रार एवढीच की ‘इथून जाऊ नका’ म्हणणाऱ्या पाटीच्या शेजारी ‘इथून जा’ म्हणणारी पाटी कुणीच लावत नाही.

मग सायकलवाला जातो जुन्या हायवेने. म्हणजे जिथे मोटारी, ट्रक आणि बस एका दिशेने, शिस्तीत, आपापल्या लेनमध्ये जाण्याची निदान शक्यता आहे, तिथे धोका म्हणून त्याला अडवायचं. आणि जिथे एसटी, टँकर, वऱ्हाडाचा टेम्पो, उसाची जोड ट्रॉली, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी गाय आणि समोरून उलट्या दिशेने येणारा, हँडलला दुधाच्या किटल्या लटकवलेला मोटरसायकलवाला हे सगळे एकत्र नांदतात, तिथे त्याला सुरक्षिततेसाठी पाठवायचं. याच जुन्या रस्त्याने बोरघाट चढून मुंबई–पुणे सायकल शर्यत येते. घाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका, कडेला टाळ्या. दुसऱ्या दिवशी तोच राजा सरावासाठी त्याच घाटात शिरतो, तेव्हा टँकरवाला खिडकीतून डोकं काढून त्याला विचारतो, ‘मरायचंय का?’ राजेपण टिकवणं पूर्वीपासूनच अवघड.

आमच्या सायकल ग्रुपात एक वकील आहेत. चढावर मागे पडले की ते कायद्यावर बोलतात, म्हणजे सगळ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागतं. त्यांचं म्हणणं असं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ म्हणजे यंत्रशक्तीने चालणारं वाहन. सायकल पायाने चालते, म्हणून ती त्यात बसत नाही. त्यामुळे लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको, पीयूसी नको. (पीयूसी खरं तर घ्यायला हवी. कात्रजच्या चढावर आमच्यातले दोघे ज्या तऱ्हेने श्वास सोडतात, ते नियमात बसणारं नाही.) ऐकायला हे सगळं फार छान. पण जो कायदा तुमच्याकडे काही मागत नाही, तो तुमच्याकडे बघतही नाही. पुण्यात एके काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. दरवर्षी पैसे भरून नवा बिल्ला. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीट असला की धरायचा. जुनी मंडळी अजून त्या आठवणी तक्रारीच्या सुरात सांगतात. मला हेवा वाटतो. पोलीस पकडायचा, याचा अर्थ सायकलवाला पोलिसाला दिसायचा.

तसे कायद्यात आमचे ओझरते उल्लेख आहेत, नाही असं नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांत एक कलम होतं: जिथे फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक आहे, तिथे गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय कुणी मोटार त्यावर चढवायची नाही. पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर सकाळपासून रात्रीपर्यंत मोटारसायकलींची जी रांग धावते, ती पाहता गणवेशातले पोलीस परवानग्या देऊन देऊन किती थकत असतील, या विचाराने मला वाईट वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक पोटकलम आलं. यंत्राविना चालणारी वाहनं आणि पादचारी यांनी कुठे यावं, कसं वागावं, याचे नियम राज्यांनी करावेत. राष्ट्रीय महामार्गाचा प्रश्न असेल तर महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत करून करावेत. वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आम्हाला गहिवरून आलं. आपल्याविषयी कुणीतरी कुणाशी तरी सल्लामसलत करणार, ही कल्पनाच नवी होती.

बंदी घालायला मात्र इतका वेळ लागत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर मोटरसायकली, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर आणि यंत्राविना चालणारी वाहनं यांना एका अधिसूचनेने मज्जाव झाला. सर्व्हिस रोडने जा, म्हणाले. एरवी कानाजवळून कट मारून जाणारे बुलेटवाले त्या दिवशी आमच्या पंगतीत येऊन बसले. बातमी आमच्या ग्रुपवर आली, तेव्हा एकाने तिच्याखाली पेढ्यांचं चित्र टाकलं. हे बरं नव्हे. पण पेढे सगळ्यांनी स्वीकारले.

वेगळा ट्रॅक का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न. त्यालाही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकल ट्रॅकची शिफारसपत्रिका काढली. तिचा हिशेब असा की रस्त्यावरून तासाला दोनशेपेक्षा जास्त मोटारी जात असतील आणि गर्दीच्या वेळी तासाला शंभर सायकली जात असतील, तर वेगळा ट्रॅक करणं योग्य. आता ताशी ऐंशीने कंटेनर धावताहेत अशा रस्त्यावर, ट्रॅक नसताना, तासाला शंभर सायकलवाले आणायचे कुठून? सायकलवाले नाहीत म्हणून ट्रॅक नाही, आणि ट्रॅक नाही म्हणून सायकलवाले नाहीत. आधी लग्न की आधी नोकरी, या घोळात आमच्या एका मावसभावाची चाळिशी उलटली, तसलाच हा प्रकार. नेदरलँड्समध्ये त्यांनी साधा नियम केला: वेग जास्त असेल तिथे सायकल वेगळी काढायची, आणि एकत्र ठेवायची असेल तर सगळ्यांचा वेग तीसवर आणायचा. आपल्याकडे वेगळेपणासाठी एक पांढरी रेघ मारतात. रेघेच्या अलीकडचा तो सायकलवाला, पलीकडचा तो कंटेनर. दोघांनी समजून घ्यायचं.

त्या रेघेच्या अलीकडे काय असतं, ते चारचाकीवाल्याला कधी कळणार नाही, कारण त्याच्या खिडकीतून तो भाग फक्त करडा दिसतो. बायपासच्या कडेचा हा दीड-दोन फुटांचा पट्टा म्हणजे सायकलवाल्याचं राज्य. तिथे आधी बारीक खडी असते, मोटारींच्या चाकांनी झाडून कडेला सारलेली. मग फुटक्या काचेचा चुरा, साबुदाण्यासारखा, कोवळ्या उन्हात चमकणारा. मग ट्रकच्या फुटलेल्या टायरची सालं. ही सालं वरून रबर दिसतात, पण त्यांच्यातून केसाएवढ्या पोलादी तारा सुटून पडलेल्या असतात आणि त्या आपल्या टायरमध्ये इतक्या हळुवारपणे शिरतात की पंक्चर दोन किलोमीटरनंतर कळतं. तार सापडत नाही. ट्यूब बदलली की तीच तार नव्या ट्यूबला भेटते. शिवाय एक चप्पल. नेहमी एकच, आणि नेहमी डाव्या पायाची असावी असा माझा अंदाज आहे. ट्रकच्या बंपरवरून गळालेली लिंबू-मिरची. नायलॉनच्या दोरीचा तुकडा, जो चेनची वाटच बघत असतो.

आणि दगड. बंद पडलेल्या ट्रकमागे ड्रायव्हर झाडाची फांदी ठेवतो आणि चार-पाच मोठे दगड अर्धवर्तुळात मांडतो. मागच्याला धोका कळावा म्हणून. रात्री कधीतरी ट्रक दुरुस्त होतो, ड्रायव्हर क्लीनरला हाक मारतो, ट्रक निघून जातो. फांदी वाऱ्याने उडते. दगड तिथेच राहतात. पहाटे पाच वाजता, धुक्यात, हेडलाइटच्या ताटलीएवढ्या उजेडात, अगदी शिस्तीत मांडलेले ते पाच दगड अचानक समोर येतात. धोक्याची सूचना म्हणून ठेवलेली वस्तू हाच धोका झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पुलावरचे सांधे, म्हणजे दोन भागांमधली लोखंडी फट, आडवे असतील तर कंबर हलते. कुठे उभे असतील तर बारीक चाक आत आणि आपण बाहेर. रंबलर आले की कवळी असलेल्याने तोंड मिटून घ्यावं.

सायकलला आरसा नसतो, त्यामुळे मागचं जग कानाने ओळखावं लागतं. मागच्या हॉर्नचे प्रकार सवयीने कळतात. एक असतो ‘मी येतोय’ हॉर्न: एकदाच, लांबून, सभ्य. एक ‘मी आलो’ हॉर्न: कानात. एक ‘तू इथे कसा’ हॉर्न, तो लांबलचक असतो आणि गाडी पुढे गेल्यावरही चालू राहतो. टेम्पोचा संगीत हॉर्न वाजला की निदान करमणूक होते. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी घातली. लोक ते वाचून हॉर्न वाजवतात असा सरकारचा समज होता. एसटीचा ड्रायव्हर मात्र मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. तो हॉर्नही कमी वाजवतो आणि जागाही मोजून देतो. बहुधा त्याने आयुष्यभर गल्लीतल्या खुंटांमधून गाडी काढलेली असते.

हॉर्नपेक्षा वाईट असतो वारा. मोठा कंटेनर शेजारून गेला की आधी हवेचा एक धक्का येतो, तो तुम्हाला कडेला, खडीकडे ढकलतो. तुम्ही स्वतःला सावरण्यासाठी हँडल उजवीकडे घेता. नेमक्या त्याच क्षणी कंटेनरची शेपूट पुढे सरकते आणि हवा तुम्हाला आत, त्याच्याकडे ओढते. ज्याला हे माहीत आहे तो पहिल्या धक्क्याला फार विरोध करत नाही, कोपर सैल सोडतो आणि मनात एखादं स्तोत्र म्हणतो. ज्याला माहीत नाही त्याला पहिल्याच खेपेला कळतं.

ज्या वाऱ्याला आपण शिव्या देतो, त्यावर इंग्रज लोक विक्रम करतात! तिकडे मोटरवेवर सायकलला बंदी आहे, पण मोठ्या दुहेरी रस्त्यांवर नाही. एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायच्या त्यांच्या शर्यती अशा रस्त्यांवर होत आल्या, कारण शेजारून जाणाऱ्या लॉऱ्या हवेबरोबर आपल्यालाही थोडं ओढून नेतात. ही शर्यतीची पद्धत १८९५ च्या सुमाराची. तेव्हा रस्त्यावर सायकल पिटाळणाऱ्यांच्या मागे पोलीस लागत, आणि सायकलवाल्यांची संघटनाच रस्त्यावरच्या शर्यतींच्या विरोधात होती. म्हणून ही मंडळी भल्या पहाटे, नखशिखांत काळे कपडे घालून, एकेक जण मिनिट-मिनिटाच्या अंतराने निघायची, ‘आम्ही शर्यत करतच नाही’ अशा चेहऱ्याने. मार्गाचं नावही उघड सांगत नसत, सांकेतिक अक्षरं-आकडे वापरत. ते संकेत अजून चालू आहेत.

आमच्याकडे अगदी उलट. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत अशा ज्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी होतात, त्यांत रात्री चमकणारं जॅकेट, पुढे दिवा आणि मागे लाल दिवा नसेल तर तुम्हाला निघूच देत नाहीत. त्यामुळे पहाटे चारला पुण्याच्या रस्त्यावर जमलेले आम्ही लोक लांबून एखाद्या वरातीसारखे दिसतो. इंग्रजांनी दिसू नये म्हणून काळे कपडे घातले, आणि ते सगळ्यांना दिसत होते. आम्ही पोपटी, नारिंगी, लुकलुकते, आणि धडक झालीच तर मोटारवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘दिसलाच नाही हो!’

दुसरं वाक्य बघ्यांचं: ‘हेल्मेट होतं का?’ खरं म्हणजे कायद्याने हेल्मेट मोटरसायकलवाल्याला सक्तीचं, सायकलवाल्याला नाही. आम्ही घालतो, घालायलाच हवं. पण आमच्या घरी हेल्मेटवर जी श्रद्धा आहे, ती पाहून कधीकधी संकोच वाटतो. सोळा चाकांच्या ट्रेलरसमोर थर्माकोलचं ते टोपलं काय करणार, हे सकाळी साडेचारला कुणाला समजावून सांगायचं? ‘घातलंस ना? मग जा,’ एवढं ऐकून निघावं.

एकदा पहाटे शहराबाहेरच्या एका उड्डाणपुलावर हवालदाराने अडवलं. माणूस चांगला होता.

‘काका, पुलावर सायकलला बंदी आहे.’

‘मग खालून जाऊ?’

‘खाली काम चालू आहे. रस्ता बंद.’

‘मग सायकल हातात धरून चालत जातो.’

त्याने पाटीकडे पाहिलं. ‘पादचाऱ्यांनाही बंदी आहे.’

‘मग परत फिरू?’

‘वन-वे आहे काका.’

आम्ही दोघेही थोडा वेळ पुलावरून दिसणाऱ्या टेकडीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, ‘असं करा, मी तिकडे बघतो.’ आणि त्याने खरोखरच तिकडे बघितलं. आपल्याकडची वाहतूक चालते ती कायद्याच्या जोरावर नव्हे, अशा तिकडे बघणाऱ्यांच्या जोरावर.

थट्टा एका बाजूला. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग हे सगळ्या रस्त्यांच्या लांबीत दोन टक्क्यांच्या आसपास. त्या वर्षीच्या मृत्यूंमधला त्यांचा वाटा मात्र छत्तीस टक्के. सरकारी अहवालात सायकलस्वारांचा वेगळा रकाना असतो. त्या रकान्यात आमच्यासारखे, टोपीत कॅमेरा आणि सायकलपेक्षा महाग बूट असलेले, फार थोडे असणार. तिथली माणसं वेगळी. काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, मडगार्डला तार गुंडाळलेली, मागे दिवा नाही. शिरवळ, चाकण, रांजणगाव, जिथे जिथे कारखाने हायवेला लागून आहेत, तिथे शिफ्ट सुटायच्या वेळी ती दिसतात. ती कुठल्याही चर्चासत्राला येत नाहीत, त्यांना ‘सायकलिंग कम्युनिटी’ म्हणत नाहीत, आणि रस्ता त्यांनी छंद म्हणून निवडलेला नसतो.

सातारा रस्त्यावर वेळू फाट्याला चहाला थांबलो होतो, तेव्हा असा एक गृहस्थ रात्रपाळी संपवून आला. सिक्युरिटीचा गणवेश, पन्नाशीचा. सायकल भिंतीला टेकवली, चहा सांगितला. तो समोरून, म्हणजे वाहतुकीच्या उलट्या दिशेने आलेला आम्ही पाहिला होता. वकिलांना राहवेना.

‘मामा, राँग साइडने येता तुम्ही. गुन्हा आहे तो. आणि धोकाही.’

‘साहेब,’ तो बशीत चहा ओतत म्हणाला, ‘मागनं आला तर कोणी ठोकलं ते कळत बी नाही. समोरनं आला तर निदान नंबर तरी दिसतो.’

वकील गप्प झाले. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा चूक होता, पण पुराव्याच्या दृष्टीने बरोबर होता. मग त्याने आमच्या सायकलींभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितला, गियर मोजले, किंमत विचारली. कुणीतरी खरी किंमत सांगितली, हे आमचं चुकलंच. तो हसला नाही. नुसतं, ‘तुमची कुठं ड्युटी?’ असं विचारलं.

‘ड्युटी नाही. रविवार आहे ना.’

‘मग ह्या रस्त्यावर कशाला येता?’

आमच्यात एकाला पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल सफर करायची आहे, एकाची शुगर बॉर्डरवर आहे, एकाला घरी पाहुणे आले होते. यातलं त्याला काय सांगावं, कुणाला सुचेना. शेवटी शुगरवाला म्हणाला, ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘हायवेवर जा म्हणून?’